चुन्याची निवळी

पहाटे साडेपाचला माझ्या टँकचे, म्हणजे हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे, दिवे लागायला अजून साडेतीन तास असतात. हॉलमध्ये उजेड असतो तो फक्त कंट्रोलरच्या छोट्या पडद्याचा, आणि आवाज असतो सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, पडणाऱ्या पाण्याचा. मी उठून आधी त्या पडद्यावरचा आकडा बघते. गेली सहा वर्षं हा क्रम चुकलेला नाही. प्रवाळांच्या टँकचा पीएच दिवसभरात सगळ्यात खाली असतो तो याच वेळी. रात्रभर टँकमधले सगळेच श्वास घेत असतात: मासे, गोगलगायी, खेकडे, दगडांतले आणि वाळूतले जीवाणू, खुद्द प्रवाळ, शिवाय प्रवाळांच्या पेशींत मुक्कामाला असलेली सूक्ष्म शेवाळंसुद्धा. उजेड असला की हीच शेवाळं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पीएच चढत जातो. अंधारात ओढणारं कुणी उरत नाही, सोडणारेच सगळे. पहाटेच्या आकड्यात त्या अख्ख्या रात्रीची बेरीज असते.

आमच्याकडे तो आकडा एके काळी ७.७२ असायचा. दुपारी फार तर ७.९५. समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.१ असतो. ७.८ ते ८.५ च्या दरम्यान टँक बरा चालतो, असं अनुभवी लोक सांगतात. म्हणजे माझा टँक काही मरणाच्या दारात नव्हता. मऊ प्रवाळ मजेत डुलत होते. पण अॅक्रोपोरा, तो फांद्याफांद्यांचा कठीण प्रवाळ, जिथल्या तिथे थांबला होता. वाढणाऱ्या फांदीचं टोक पांढरट, ताजं दिसतं. माझ्याकडच्या फांद्यांची टोकं चार महिने बुडख्याइतकीच तपकिरी होती.

पीएच म्हणजे काय ते शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. पुस्तकात त्याला सामू म्हणतात. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी ही मोजपट्टी बसवली. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की ते लिहायचं तर दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग लागते. त्या रांगेऐवजी एक सुटसुटीत आकडा. पण या सुटसुटीतपणानेच माणूस फसतो. ८.२ आणि ७.९ यांच्यात दिसायला ०.३ चा फरक, आणि प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दुप्पट झालेले. ज्याला त्या पाण्यात सांगाडा बांधायचा आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, आणि त्या बांधकामात हायड्रोजन आयन मोकळे होतात. ते अंगाबाहेर ढकलत राहावे लागतात, नाही तर काम अडतं. बाहेरच्या पाण्यात त्यांची आधीच गर्दी असेल तर ढकलायला जास्त बळ खर्च होतं. अॅक्रोपोरा आजारी नव्हता. तो दमलेला होता.

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की आकडा खाली आहे आणि तो वर यायला हवा. पीएच वाढवणारी पावडर मिळते, ती आणली. ती बहुतेक सोडियम कार्बोनेट असते, बायकार्बोनेट मिसळलेलं. चमचाभर टाकली, तासाभरात ८.१. मला इतका आनंद झाला की मी घरातल्यांना बोलावून पडदा दाखवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ७.७५. पुन्हा चमचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दहा-बारा दिवसांनी अल्कलिनिटी (ती म्हणजे काय ते पुढे सांगते; डीकेएच हे तिचं एकक) तपासली तेव्हा ती १३ डीकेएचच्या वर गेलेली होती. समुद्रात ती सातच्या आसपास असते, मी आठ-साडेआठ ठेवत असे. अॅक्रोपोराच्या फांद्या टोकांकडून सोलल्यासारख्या झाल्या, मांस निघून आत पांढरं हाड दिसू लागलं. दोन वसाहती गेल्या. एक मी तिच्या नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवली होती. माझं पावडरीवरचं प्रेम तिला भोवलं, हे मी आजही हलक्यात घेत नाही.

चूक कुठे होती ते समजायला मला अल्कलिनिटी आणि पीएच यांची फारकत करावी लागली. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याच्या अंगात आम्ल पचवण्याची जी ताकद आहे ती, आणि समुद्राच्या पाण्यात ती मुख्यत्वे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांची. पीएच ठरतो तो ही ताकद आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या रस्सीखेचीतून. माझ्या पाण्यात ताकद पुरेशी होती, दुसऱ्या बाजूने ओढणारा जड होता. आणि मी त्या बाजूकडे बघतच नव्हते. मी आपली पावडर टाकून रस्सीच्या एका टोकाला माणसं वाढवत होते. रात्रभरात वायू पुन्हा पाण्यात मुरायचा आणि सगळं मूळ जागी यायचं. उरायची ती वाढलेली अल्कलिनिटी.

मग मी एक परीक्षा केली. समुद्री टँकच्या रसायनशास्त्रावर वर्षानुवर्षं लिहिणारे रँडी होम्स-फार्ली यांनी ती सुचवलेली आहे आणि तिला एक पेला व एक हवेचा पंप यांपलीकडे काही लागत नाही. पेलाभर टँकचं पाणी घ्यायचं, पीएच मोजायचा, मग ते बाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवून तासभर त्यात बुडबुडे सोडायचे आणि पुन्हा मोजायचा. दुसरा पेला घ्यायचा आणि हेच घरात करायचं. बस्स. (त्याआधी प्रोब, म्हणजे पीएच मोजणारी कांडी, ७ आणि १० पीएचच्या द्रावणांत नीट कॅलिब्रेट करून, म्हणजे जुळवून, घ्या. कितीतरी जणांचा घसरलेला पीएच हा घसरलेल्या प्रोबचा असतो.) घरात ठेवलेल्या पेल्याचा आकडा तासाभराने ७.७६ होता, म्हणजे होता तिथेच. गच्चीवरच्या पेल्याचा ८.१४.

तेच पाणी, तीच अल्कलिनिटी, तेच मीठ. फरक फक्त हवेचा.

मी तो पेला हातात घेऊन जिन्यात बराच वेळ बसले होते. वर्षभर मी टँकला दोष देत होते आणि टँक बिचारा घराची हवा जशी आहे तशी सांगत होता. त्या क्षणी शाळेतली प्रयोगशाळा आठवली. सातवी-आठवीतला तो प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो: परीक्षानळीत चुन्याची निवळी, तिच्यात काचेची नळी, आणि तोंडाने फुंकायचं. निवळी दुधाळ होते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झालं, असं वहीत लिहायचं आणि तास संपायचा. आपण बाहेर सोडतो त्या हवेत तो जवळजवळ चार टक्के असतो. बाहेरच्या हवेत आज दहा लाख भागांत ४२० हून थोडे अधिक भाग. म्हणजे प्रत्येक उच्छ्वास बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट दाट.

आमच्या वर्गात मी मात्र फुंकत राहिले होते. बाकीच्या मुली नळ्या धुवायला गेल्या तरी. गाल दुखायला लागले, आणि मग ते दूध हळूहळू विरत गेलं, पाणी पुन्हा निवळलं. बाईंना वाटलं मी नळी बदलली. प्रयोगाचा हा उत्तरार्ध फार कुणी थांबून पाहत नाही. आधी चुना आणि वायू मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, ते विरघळत नाही म्हणून दूध दिसतं. वायू येतच राहिला तर तेच कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन विरघळून जातं. दुधाळ व्हायला दोन मिनिटं, निवळायला कितीतरी अधिक. प्रवाळाच्या आयुष्याची गोष्ट त्या नळीत दोन्ही बाजूंनी आहे: वायू बेताचा असेल तर हाड जमतं, अति झाला तर जमलेलं विरतं.

खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणलं. दुपारी, माणसं कामावर गेलेली असताना, दहा लाखांत ६५० भाग. रात्री अकराला ११००. पहाटे तर १,९०० च्या घरात. खिडक्या बंद, एसी चालू, चार माणसं झोपलेली. एसी तीच हवा गार करून फिरवत राहतो, नवी आणत नाही. हवेतला वायू दुप्पट झाला की टँकचा पीएच साधारण ०.३ च्या जरा आत खाली येतो. ४२० ची दुप्पट, मग तिची दुप्पट करत १,९०० पर्यंत जा म्हणजे माझा पहाटेचा आकडा कुठून येत होता ते कळेल.

उपाय अगदी समोर होता. खिडकी उघडायची. उघडली. तीन दिवसांत पहाटेचा आकडा ७.९८.

चौथ्या दिवशी बाबांची छाती भरली.

बाबा हॉलमध्येच झोपतात, टँकच्या समोरच्या पलंगावर. आतल्या खोलीत त्यांना झोप लागत नाही. रात्री जाग आली की ते मासे कुठे झोपलेत ते शोधत पडून राहतात. पोपटमासा स्वतःभोवती लाळेचा पडदा विणून झोपतो हे मी त्यांना सांगितलं होतं, तेव्हापासून आपल्याकडे तो का नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांना जुना दमा आहे आणि रात्रीच्या गार वाऱ्याने तो उचल खातो. मी खिडकी बंद केली. त्यांनी विचारलं, "अगं, तुझ्या त्या झाडांना हवा लागते ना?" ते प्रवाळांना झाडंच म्हणतात. मी म्हटलं, "करू काही तरी." ते म्हणाले, "मी आत झोपतो." आणि खरोखर दोन रात्री आत झोपले, जागेच राहिले. तिसऱ्या रात्री मी त्यांची उशी परत बाहेर आणून ठेवली.

काही तरी केलं ते असं. टँकच्या फिल्टरमध्ये स्किमर म्हणून एक भाग असतो. तो पाण्यात अतिशय बारीक बुडबुड्यांचा फेस करतो आणि त्या फेसाला चिकटून घाण बाहेर येते. हे करताना तो तासाला शेकडो लिटर हवा पाण्यात घुसळतो. टँकचं फुप्फुसच म्हणा. ही हवा तो खोलीतून घेत होता. मी त्याच्या तोंडाला लांब नळी जोडून ती खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर काढली. बाबांसाठी खिडकी बंद, प्रवाळांसाठी नळीएवढी उघडी. नळी लांब झाली की हवेचा ओघ मंदावतो, म्हणून जाड घ्यावी लागते. टोकाला जाळी बसवावी लागते, आणि बाहेर डासांसाठी धूर मारत असतील तेव्हा ती आत ओढून घ्यावी लागते, नाही तर कीटकनाशक थेट टँकमध्ये. पहाटे ७.९०. खिडकीइतकं नाही, पण बरं.

पुढच्या पावसाळ्यात नळीच्या मधे एक डबा आला, सोडा लाइमच्या दाण्यांनी भरलेला. सोडा लाइम म्हणजे मुख्यत्वे चुनाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा कॉस्टिक सोडा आणि ओलावा घातलेला. हवा त्या दाण्यांतून जाते आणि कार्बन डायऑक्साइड तिथेच अडकतो. ताजे दाणे पांढरे असतात, ताकद संपत आली की जांभळे होतात. (काम थांबवून ठेवले की जांभळे दाणे पुन्हा पांढरट दिसू लागतात. त्याला भुलू नये. ताकद परत आलेली नसते.) भूल देण्याच्या यंत्रातही हाच सोडा लाइम असतो. रुग्णाने सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती हवा पुन्हा त्याच्याकडे पाठवायची, म्हणजे भुलीचा वायू वाया जात नाही. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीही असाच दाण्यांतून गाळलेला श्वास घेतला असणार. डबा भरताना मला दर वेळी ते आठवतं आणि मी दाणे जरा जपून ओतते. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावते, हातमोजे घालते.

माझ्या घराची गोष्ट एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. अॅरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर २ नावाची काचेची प्रचंड इमारत आहे. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं तिच्यात शिरली, दरवाजा सीलबंद झाला, आणि ती दोन वर्षांनी बाहेर आली. आत शेती होती, जंगल होतं, आणि २५ लाख लिटरांहून अधिक पाण्याचा एक समुद्र होता, कॅरिबियनमधून आणलेल्या जिवंत प्रवाळांसकट. उघडायला खिडकी नाही. जमिनीत भरपूर सेंद्रिय माती घातलेली, तिच्यातले जीवाणू रात्रंदिवस श्वास घेत होते. थंडीत सूर्यप्रकाश कमी पडला की आतला कार्बन डायऑक्साइड ४,००० च्या वर जाई. एका दिवसरात्रीतच तो पाच-सहाशे भागांनी खालीवर होई. समुद्राचा पीएच सावरायला आतल्या माणसांनी पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट घातलं. माझीच पावडर! फरक इतकाच की त्यांना दुसरा इलाज नव्हता.

पण मला त्या गोष्टीतलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. आतला ऑक्सिजन घटत गेला, २०.९ टक्क्यांवरून सुमारे १६ महिन्यांत साडेचौदाच्या आसपास आला. माणसं जिने चढताना धापा टाकू लागली, शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. ऑक्सिजन जीवाणूंनी वापरला हे ठीक, पण मग तेवढ्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, तो गेला कुठे? तो भिंतींत गेला होता. काँक्रीटमध्ये चुना असतो. उघड्या काँक्रीटने तो वायू पिऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट केलं होतं. शाळेतल्या परीक्षानळीतलंच दूध, पण घट्ट होऊन भिंतीत बसलेलं. त्या बंद इमारतीतला श्वास अक्षरशः दगड झाला होता.

नंतर, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याच समुद्रात ख्रिस लँग्डन यांनी प्रवाळांवर दीर्घ प्रयोग केले. पाण्यातलं रसायन बदलत नेलं आणि प्रवाळांची वसाहत किती वेगाने सांगाडा बांधते ते मोजलं. पाण्यातलं कार्बोनेट घटलं की बांधणीचा वेग त्याच्या मागोमाग घटत होता. माझ्या अॅक्रोपोराची तपकिरी टोकं मला त्या आलेखांत दिसतात.

मी आता चुना वापरते. टँकवाल्यांच्या बोलीत त्याला काल्कवासर म्हणतात, जर्मन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ चुन्याचं पाणी एवढाच. आपल्याकडे याहून सुंदर शब्द आहे. निवळी. एका लिटर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, त्याहून जास्त घातला तर तळाशी बसतो. रात्री ढवळून ठेवायचा, सकाळपर्यंत गाळ बसतो, वरचं पाणी आरशासारखं होतं. भांड्यावर झाकण हवंच. उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्यावर पातळ साय धरतो, आणि ही साय म्हणजे वाया गेलेला चुना. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती हाताला लागू द्यायची नाही आणि टँकमध्ये थेंबाथेंबानेच सोडायची. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं तेवढीच भर, आणि तीही मी रात्रीच घालते, टँकला वायू जड होतो तेव्हा. एका थेंबातला चुना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बांधतो आणि त्यातून कॅल्शियम व बायकार्बोनेट तयार होतं. ज्याने पीएच खाली ओढला होता त्याचंच प्रवाळाच्या हाडासाठी साहित्य होतं. पावडरीने मी त्या वायूशी भांडत होते, निवळी त्याला कामाला लावते. सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा नावाच्या शेवाळाचा गुंताही आहे, त्याचा दिवा टँकचे दिवे मालवल्यावर लागतो. त्याचाही हातभार. पण माझा जीव निवळीवर.

हे सगळं नीट बसल्यावर पाच महिन्यांनी एका दुपारी अॅक्रोपोराच्या सर्वांत उंच फांदीचं टोक मला पांढरं दिसलं. मी भिंग आणलं. जळाल्याचं पांढरं नव्हतं ते. टोकावर एक इवलीशी नळी होती आणि तिच्या तोंडाशी बारीक पारदर्शक बोटं हलत होती.

समुद्राला मात्र नळी कुठे लावणार? चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ भागांच्या आसपास होता. कारखानदारीच्या आधी २८० होता. माणसाने सोडलेल्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो, आणि त्यापायी त्याच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ ने उतरला आहे. पूर्वी हा आकडा वाचून मी पान उलटलं असतं. ०.१ म्हणजे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून अधिक वाढलेले, हे आता मला हिशेब न करता कळतं. माझ्या टँकमध्ये मी एवढा फरक एका रात्रीत भरून काढते, कारण माझ्या टँकला बाहेर आहे. मला हे बोचतं.

मागच्या थंडीत बाबा तीन आठवडे माझ्या भावाकडे गेले होते. पहिल्याच पहाटे आकडा ०.०४ ने वर होता. आठवड्याने ०.०६ ने. दाणे तेच, निवळी तेवढीच, दिव्यांची वेळ तीच. मी प्रोब पुन्हा कॅलिब्रेट केला. प्रोब ठीक होता. समोरचा पलंग रिकामा होता.

ते रोज रात्री फोन करायचे आणि माशांबद्दल विचारायचे. एकदा मी त्यांना हे सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी आलो की झाडांना पुन्हा त्रास."

"नाही हो बाबा," मी म्हटलं, "निवळी चार थेंब वाढवीन."

ते आले त्या रात्री मी निवळीच्या पंपाचा वेग वाढवून ठेवला. पहाटे साडेपाचला मी उठले. पलंगावर ते कुशीवर वळून झोपले होते, श्वासात दम्याची बारीक शीळ होती. पडद्यावर ७.९७ होतं. मी वहीत तारीख घातली, आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं: बाबा आले.